फोल्डस्कोप: कागदाच्या घडीतला सूक्ष्मदर्शक प्रत्यक्षात काय दाखवतो?

फोल्डस्कोपच्या पाकिटातून आधीच कापून ठेवलेले छापील कागद निघतात. ते सुटे करायचे, घड्या घालून एकमेकांत ओवायचे, मधे वाटाण्याहूनही लहान भिंग बसवायचं, आणि तयार झालेली पट्टी डोळ्याला लावून उजेडाकडे बघायचं. रोजच्या वापराच्या किटमध्ये वस्तू १४० पट मोठी दिसते आणि २ मायक्रॉनपर्यंतचा तपशील सुटा दिसतो, म्हणजे मिलिमीटरचा पाचशेवा भाग.

निकाल आधीच सांगते. पातळ, उजेड आरपार जाऊ देणाऱ्या आणि ५ मायक्रॉनहून मोठ्या गोष्टींसाठी हे उपकरण उत्तम आहे. परागकण, पेशी, शेवाळ, डबक्यातले जीव, कापडाचे धागे, फुलपाखराच्या पंखावरचे खवले या सगळ्यांत ते आपल्या वजनाच्या शंभरपट जड उपकरणांच्या जवळपास जातं. जिवाणू पाहायचे असतील, रोगनिदान करायचं असेल किंवा नाणी आणि दगड बघायचे असतील, तर ते घेऊ नका. आणि घेतल्यावर पहिल्या दिवशी धूसर राखाडी डागांशिवाय काही दिसलं नाही, तर दोष बहुतेक वेळा कागदाचा नसून स्लाइडचा, म्हणजे नमुना ठेवायच्या पट्टीचा असतो. म्हणून या परीक्षणात स्लाइडवर सर्वांत जास्त लिहिलं आहे.

हा सूक्ष्मदर्शक स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश यांच्या प्रयोगशाळेत जन्माला आला. जिम सायबुल्स्की त्यांचे तिथले विद्यार्थी आणि सहसंशोधक. २०१४ साली त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यातली मूळ रचना ७० × २० × २ मिलिमीटरची, वजन १० ग्रॅमपेक्षा कमी आणि सुट्या भागांचा खर्च एक डॉलरच्या आत. ती तिसऱ्या मजल्यावरून खाली टाकली किंवा पायाखाली आली तरी टिकते, असंही त्यांनी दाखवलं होतं. यातली खरी कल्पकता भिंगात नाही, घडीत आहे. कागदाची घडी पुन्हा पुन्हा नेमक्या त्याच जागी येते. भिंग, नमुना आणि उजेडाचं छिद्र एका रेषेत ठेवण्याचं काम नेहमीच्या सूक्ष्मदर्शकात कातीव धातूचे भाग करतात, इथे ते घड्या करतात.

भिंगाची गोष्ट तर साडेतीनशे वर्षांहून जुनी आहे. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचा कापडव्यापारी अँटनी व्हॅन लेव्हेनहूक (१६३२–१७२३) एकाच इवल्याशा भिंगातून बघत असे. पितळेच्या किंवा चांदीच्या दोन पत्र्यांमध्ये ते भिंग बसवलेलं, समोर टोकदार सुई आणि ती पुढे-मागे करायला स्क्रू. १६७६ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पाण्यातल्या सूक्ष्मजीवांबद्दल पत्र पाठवलं आणि पुढच्याच वर्षी इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने ते जीव स्वतः पाहून दुजोरा दिला. त्या काळी दोन भिंगांचे संयुक्त सूक्ष्मदर्शकही होते. पण प्रत्येक भिंग रंगांची झालर आणि धूसरपणा वाढवायचं, दोन भिंगांचे दोष एकत्र साठायचे. त्यामुळे एकच छोटं, नीट घडवलेलं भिंग त्यांच्यापेक्षा सरस ठरत होतं.

लेव्हेनहूकने भिंग करण्याची रीत गुप्त ठेवली. उट्रेख्टच्या संग्रहालयातला त्याचा सूक्ष्मदर्शक सुमारे २७० पट मोठं दाखवतो. २०२१ मध्ये तो न उघडता न्यूट्रॉन किरणांनी तपासला, तेव्हा आत घासलेलं भिंग नसून काच वितळवून केलेली गोळी निघाली. अशी गोळी कशी करायची ते हूकने १६६५ मध्येच छापून ठेवलं होतं: काच तापवून तिचा बारीक धागा ओढायचा आणि धाग्याचं टोक पुन्हा आचेत धरायचं. वितळलेली काच आपोआप गोल होते. फोल्डस्कोपचं भिंगही काचेची गोळीच आहे, फक्त कारखान्यात मोजून-मापून केलेली.

गोळीचं गणित समजलं की उपकरणाचे गुण-दोष दोन्ही कळतात. बोरोसिलिकेट काचेचा अपवर्तनांक, म्हणजे काच उजेड किती वाकवते त्याचं माप, साधारण १.५२. त्या काचेच्या २.४ मिलिमीटर व्यासाच्या गोळीचं नाभीय अंतर, म्हणजे उजेडाचे किरण जिथे एकत्र येतात तिथपर्यंतचं अंतर, सुमारे १.७६ मिलिमीटर येतं. डोळ्यापासून २५० मिलिमीटरवर वस्तू नीट दिसते असं धरून २५० ला १.७६ ने भागलं की १४२ येतात. हीच ती १४० पट. पण नाभीय अंतर गोळीच्या मध्यापासून मोजतात. गोळीच्या पृष्ठभागापासून नमुन्यापर्यंत उरतात फक्त ०.५६ मिलिमीटर. हा आकडा लक्षात ठेवा, फोल्डस्कोपच्या निम्म्या तक्रारींचं उत्तर त्यातच आहे.

शोधनिबंधात २,००० पटींपलीकडे नेणारी भिंगंही होती, मग ती रोजच्या किटमध्ये का नाहीत, हा प्रश्न रास्त आहे. ०.३ मिलिमीटरची नीलमण्याची गोळी साधारण १,४५० पट मोठं दाखवते. पण तिच्या पृष्ठभागापासून नमुना जेमतेम २२ मायक्रॉनवर लागतो, आणि स्लाइडवर नमुना झाकायला ठेवायची पातळ काच, म्हणजे साधी कव्हरस्लिपच १७० मायक्रॉन जाड असते! म्हणजे नमुना उघडा ठेवून भिंगाला जवळजवळ चिकटवावा लागेल. हाताने सरकवायच्या कागदी पट्टीत हे रोज जमणं कठीण. १४० पटींवर थांबणं हा मला या उपकरणातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

जोडणी

पहिल्यांदा निवांत वीस मिनिटं द्या. कागद पाण्याने सहज न भिजणारा आणि चिवट आहे, पण सुटा करताना ओढलात तर बारीक खाचांचे कोपरे फाटतात. भाग आधी मागून-पुढून वाकवून जोडाच्या रेषा सैल करा, मग ढकलून काढा. घडी घालताना नुसतं दुमडून सोडू नका, नखाने किंवा चमच्याच्या पाठीने रेषेवरून दाबत न्या. अर्धवट बसलेली घडी स्प्रिंगसारखी उघडू पाहते. त्यामुळे भिंगाची पट्टी एका बाजूने उचलली जाते आणि मग चित्राचा डावा भाग स्पष्ट, उजवा धूसर असं होतं. हे भिंग खराब असल्याचं लक्षण नाही. सगळ्या घड्या पुन्हा दाबल्या की बहुतेक वेळा ठीक होतं.

मोबाइल जोडायची चुंबकी चकती भिंगाशी एकमध्य बसली पाहिजे. ती कागदाला चिकटवण्याआधी उजेडाकडे धरून छिद्रं जुळतात का ते बघा, कारण एकदा चिकटल्यावर ती काढताना कागदाचा थर सोलवटतो. आणि जोडणीभर भिंगाला बोट लावू नका. गोळीवरचा बोटाचा तेलकट ठसा चित्रावर दुधी पडदा आणतो.

स्लाइड

नमुन्याची बाजू भिंगाकडे हवी, हा पहिला नियम. नेहमीची काचेची स्लाइड १ मिलिमीटर जाड असते. ती उलटी घातली तर भिंग आणि नमुना यांच्यामध्ये अख्खी काच येते आणि ०.५६ मिलिमीटरच्या अंतरात नमुना कधीच पोहोचत नाही. फोकसची पट्टी कितीही सरकवा, दिसणार काहीच नाही. काही दिसेनासं झालं की सर्वात आधी स्लाइडची बाजू तपासा.

दुसरा नियम पाण्याचा. ड्रॉपरचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटर असतो. २२ मिलिमीटरच्या चौकोनी कव्हरस्लिपखाली तो पसरला की ०.१ मिलिमीटर जाडीचा थर होतो. त्यात ०.१७ मिलिमीटरची कव्हरस्लिप मिळवली तर उपलब्ध अंतराचा अर्धा भाग तिथेच संपतो. शिवाय भिंगाला एका वेळी जेमतेम २० मायक्रॉन खोलीतलंच स्पष्ट दिसतं. म्हणजे १०० मायक्रॉनच्या थरात पोहणारा जीव पाचातल्या चार वेळा फोकसबाहेर असणार. अर्धा थेंब पुरतो. जास्त झाला तर कव्हरस्लिपच्या कडेला टिपकागदाचा कोपरा लावून जादा पाणी ओढून घ्या. कव्हरस्लिप तरंगायची थांबली की प्रमाण बरोबर झालं.

कव्हरस्लिप वरून पाडू नका. तिची एक कड पाण्याच्या थेंबाला टेकवा, ४५ अंशांत तिरकी धरा आणि सुईने आधार देत हळूहळू खाली आणा. नाहीतर हवेचे बुडबुडे अडकतात. काळ्याभोर जाड कडेची, आतून चकचकीत, अगदी गोल आकृती दिसली तर ती पेशी नाही, बुडबुडा आहे. नवशिक्यांनी काढलेल्या फोटोंत सर्वांत जास्त त्याच दिसतात.

सुरुवातीला कांदा घ्या. त्याच्या मांसल पाकळीच्या आतल्या बाजूचा पारदर्शक पापुद्रा चिमट्याने सोला. ५ मिलिमीटरचा तुकडा पाण्याच्या अर्ध्या थेंबात पसरा. दुमडू देऊ नका, दुमडलेल्या जागी दोन थरांच्या पेशी एकमेकींवर दिसतात आणि डोळा गोंधळतो. आयोडीनचं पातळ द्रावण कव्हरस्लिपच्या एका कडेला सोडा आणि समोरच्या कडेला टिपकागद लावा. रंग आपोआप आत ओढला जातो. दोन-तीन मिनिटांत विटांच्या भिंतीसारख्या रांगा आणि प्रत्येक विटेत एक पिवळसर तपकिरी केंद्रक दिसू लागतं. गालाच्या आतल्या पेशींना आयोडीनपेक्षा मिथिलीन ब्लू चांगला. कापसाच्या काडीने गाल आतून हलकेच घासा, स्लाइडवर पातळ लेप द्या, वाळू द्या, मग रंग. या पेशी ५०–६० मायक्रॉनच्या असतात, त्यामुळे १४० पटींवर केंद्रकासकट नीट दिसतात.

कोरड्या नमुन्यांना पाण्याची आणि कव्हरस्लिपची गरजच नाही. किटमधल्या कागदी स्लाइडच्या भोकावर पारदर्शक चिकटपट्टी लावा आणि चिकट बाजूवर फूल हलकेच टेकवा, परागकण चिकटतात. चिकटपट्टी ०.०५ मिलिमीटरच्या आसपास जाड असते, त्यामुळे अंतराचा प्रश्न येत नाही. फक्त ती कुठे सुरकुतू देऊ नका, आणि दुधी चिकटपट्टी वापरू नका. परागांचा ढीग झाला तर एकमेकांवर चढलेले काळे गोळे तेवढे दिसतात. दुसरी पट्टी दाबून उचललीत की विरळ थर उरतो, तोच पाहण्याजोगा.

पानावरची पर्णरंध्रं बघायला पान कापण्याची गरज नाही. पानाच्या खालच्या बाजूला रंगहीन नेलपॉलिशचा पातळ थर लावा, पूर्ण वाळू द्या, वर चिकटपट्टी दाबा आणि सोला. पानाच्या पृष्ठभागाचा साचा पट्टीवर येतो, तोच स्लाइडवर लावा. लवेने भरलेल्या पानांवर हे जमत नाही, साचा फाटतो.

डबक्याच्या पाण्यात वरवरचं स्वच्छ पाणी घेऊ नका. तळाचा गाळ, कुजकं पान किंवा हिरवट तंतू यांच्याजवळचं पाणी ड्रॉपरने घ्या. पॅरामेशियम हा एकपेशीय जीव इतक्या वेगाने पळतो की बघता बघता नजरेआड होतो. कापसाचे चार-पाच तंतू थेंबात टाकले की त्या जंजाळात अडकून तो एका जागी घुटमळतो. जलअस्वलं (टार्डिग्रेड, आठ पायांचे सूक्ष्म प्राणी) अर्ध्या मिलिमीटरपर्यंतची, म्हणजे यासाठी ऐन आकाराची. भिंतीवरचं शेवाळ रात्रभर पाण्यात भिजत ठेवा, सकाळी पिळा आणि त्या पाण्याच्या तळाचा गाळ बघा.

बघणं आणि फोकस

डोळा भिंगाच्या शक्य तितका जवळ न्यावा लागतो. पापण्या कागदाला लागल्या तरी चालेल. चष्मा असेल तर काढा. जवळचं-लांबचं कमी दिसणाऱ्यांना फोकसची पट्टी सरकवून भरपाई करता येते. पट्टी हळूहळू सरकवायची, आणि आधी शोधायचं ते नमुन्याच्या कडेला. रिकाम्या मध्यावर फोकस करायला गेलात तर पट्टी कुठे थांबवायची तेच कळत नाही. नमुना मध्यावर आणायला दोन्ही अंगठ्यांनी भिंगाचा भाग किंचित सरकवा. हाताची थरथर इथे १४० पट मोठी होते, म्हणून कोपर टेबलावर टेकवा.

उजेड पसरलेला हवा. ढगाळ आकाश, पांढरी भिंत, ट्यूबलाइट किंवा पूर्ण उजळ पांढरा मोबाइल स्क्रीन चालतो. सूर्याकडे कधीही रोखू नका. भिंगातून थेट सूर्य पाहिला तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. मुलांच्या हातात देताना ही एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते.

चित्रात ठिपका दिसतो आहे, तो नमुन्यात आहे की भिंगावर? स्लाइड सरकवा. ठिपका सोबत सरकला तर स्लाइडवर आहे, तिथेच राहिला तर भिंगावर. भिंगावरची धूळ आधी फुग्याच्या हवेने उडवा, मग भिंगासाठीच्या कागदावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब घेऊन टेकवा. तोंडाची वाफ आणि सदऱ्याचं टोक, दोन्ही टाळा.

मोबाइलवर

मोबाइलला जोडल्यावर फोल्डस्कोप वेगळ्याच पातळीवर जातो, कारण दोघांना एकाच वेळी बघता येतं आणि व्हिडिओ उरतो. चकती मागच्या मुख्य कॅमेऱ्यावरच बसवा. अडचण येते ती अनेक कॅमेरे असलेल्या फोनमध्ये. वस्तू जवळ आहे असं वाटून फोन आपोआप दुसऱ्या कॅमेऱ्यावर उडी मारतो आणि पडदा काळा होतो. मॅक्रो किंवा आपोआप कॅमेरा बदलण्याची सोय सेटिंगमध्ये बंद करा. मग स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड कुलूपबंद करा, आणि खरा फोकस कागदी पट्टीनेच साधा. दोन-तीन पट झूम पुरे. त्यापुढे चित्र मोठं होतं, तपशील एक कणही वाढत नाही. कॅमेऱ्यात थरथर सावरणारं चुंबकी यंत्र असेल तर जवळच्या चुंबकाने ते बिथरू शकतं आणि चित्र डुगडुगतं. काम झालं की चकती फोनवरून काढून ठेवा.

आकार मोजायचा असेल तर १ मिलिमीटर चौकटींच्या पारदर्शक आलेख कागदाची पट्टी स्लाइडवर लावून त्याच झूमवर एक फोटो काढून ठेवा. मग नमुन्याचा फोटो त्याच्याशी ताडून बघता येतो. झूम बदलला तर हे माप रद्द.

इतर पर्यायांच्या तुलनेत

शाळेतल्या संयुक्त सूक्ष्मदर्शकाच्या १० पटींच्या वस्तुभिंगातून साधारण १.३ मायक्रॉनचा तपशील मिळतो आणि ४० पटींच्या भिंगातून अर्ध्या मायक्रॉनचा. म्हणजे तिथे १० पटींचं वस्तुभिंग आणि डोळ्याजवळचं १० पटींचं भिंग मिळून एकूण १०० पट दिसणारं चित्र फोल्डस्कोपच्या १४० पटींपेक्षा थोडं जास्त रेखीव असतं. किती पट मोठं हा आकडा पाहून खरेदी करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं: किती बारीक दोन गोष्टी सुट्या दिसतात तेवढंच खरं. या मोजपट्टीवर ०.५ मायक्रॉन रुंदीचे जिवाणू फोल्डस्कोपच्या बाहेर राहतात. ७–८ मायक्रॉनच्या तांबड्या रक्तपेशी दिसतात, पण त्यांच्या आतला हिवतापाचा परजीवी ओळखता येईल इतक्या स्पष्ट नाही. दिसलेल्या चित्रावरून औषधपाण्याचा निर्णय घेऊ नये.

गोळी भिंगाचा आणखी एक उपजत दोष म्हणजे कडेचा धूसरपणा. चित्राचा मध्यभाग कामाचा, कडा सोडून द्यायच्या. छिद्र लहान ठेवून हा दोष आटोक्यात आणला आहे, नाहीसा होणार नाही. उजेडही नमुन्यातून आरपारच यावा लागतो. त्यामुळे अख्खी मुंगी म्हणजे काळी सावली, तिचा पाय किंवा माशीचा पंख मात्र सुंदर दिसतो. अपारदर्शक गोष्टींसाठी यूएसबी सूक्ष्मदर्शक घ्या, फक्त त्याच्या डब्यावरची हजार पटींची जाहिरात मनावर घेऊ नका. ती बहुतेक वेळा पडद्याच्या आकारावर बेतलेली असते.

टिकाऊपणाला पूर्ण गुण. ओला झाला तर घड्या न उघडता सावलीत वाळवा. उन्हात किंवा गरम हवेत कागद वाकडा होतो. सर्वांत आधी सैल पडते ती फोकसची पट्टी, कारण घासणं तिथेच होतं. ती आपोआप सरकू लागली की खाचेच्या आत कागदी चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावला की पकड परत येते. स्लाइड आत ठेवून उपकरण डब्यात टाकू नका, ओल्या स्लाइडमुळे भिंगाजवळ बुरशी धरते.

दोन प्रकारांत निवड करायची असेल तर एकट्यासाठी दिवा, चिमटा, ड्रॉपर आणि डबी असलेलं मोठं किट घ्यावं. वर्गासाठी नुसत्या सूक्ष्मदर्शकांचा गठ्ठा पुरतो. किटमधल्या स्लाइड पटकन संपतात, त्यामुळे १.५ क्रमांकाच्या (०.१७ मिलिमीटर जाड) काचेच्या कव्हरस्लिप, साध्या स्लाइड आणि आयोडीनची छोटी बाटली सोबतच मागवून ठेवा. प्लॅस्टिकच्या जाड कव्हरस्लिप मात्र नकोत, त्या ०.५६ मिलिमीटरचं गणित बिघडवतात.